डबा खाली ठेवून उडणारं विमान

विमानाचं पोट आडवं कापायचं की नाही, हे ठरवायला मला अख्खे दोन महिने लागले. कापायला पाऊण तास पुरला. पातळ पात्याची आरी, कडेनं लावलेली टेपची सरळ पट्टी, आणि कॉकपिटच्या जरा खालून थेट मागच्या दारांपर्यंत जाणारा काप. टेबलावर प्लास्टिकचा भुसा साचला आणि पॅकेट विमानाचे दोन भाग झाले. वरच्या भागात पंख, इंजिनं, जोडशेपट्या आणि वैमानिकांची खोली. खाली उरला तो नुसता डबा.

पॅकेट म्हणजे अमेरिकेच्या फेअरचाइल्ड कंपनीचं सी-११९. तिकडे त्याला ‘फ्लाइंग बॉक्सकार’ म्हणत, म्हणजे मालगाडीची उडती वाघीण. आपल्या वायुसेनेत मात्र त्याच्या थोरल्या भावाचं, सी-८२चं, ‘पॅकेट’ हेच नाव रूढ झालं. १९५४ साली ही विमानं भारतात आली आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत राबली. मधोमध चौकोनी डबा, दोन्ही बाजूंना एकेक इंजिन, प्रत्येक इंजिनाच्या मागून शेपटीपर्यंत गेलेला लांब दांडा, आणि डब्याच्या मागच्या तोंडाला कपाटासारखी उघडणारी दोन दारं. पंखांचा पसारा ३३ मीटरांहून थोडा जास्त, लांबी २६ मीटरांच्या वर. इटालेरी या इटालियन कंपनीनं त्याचं १:७२ प्रमाणातलं किट काढलं होतं. या प्रमाणात पंख ४६ सेंटिमीटरांचे होतात, आणि माझ्या लिहायच्या टेबलाची निम्मी जागा जाते.

७२ हा आकडा मनाला येईल तसा धरलेला नाही. सहा फुटांचे इंच होतात ७२. म्हणजे सहा फुटांचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा. १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये हे माप रुळलं आणि विमानांच्या प्रतिकृतींसाठी जगभर टिकलं. प्रतिकृती करणाऱ्याच्या डोक्यात हे गणित कायम चालू असतं. दाराची उंची बघितली की आपोआप ७२नं भागलं जातं.

प्रतिकृती दोन तऱ्हेच्या असतात. एक, फोटोशी ताडून बघायची: अमुक तळावरचं, अमुक क्रमांकाचं विमान, रंगाच्या उडालेल्या टवक्यासकट. दुसरी, कधी झालंच नाही अशा विमानाची. तिला मी ‘जर-तरचं विमान’ म्हणतो. पुष्कळांना वाटतं की दुसरी सोपी, कारण ती चुकली हे कोणी सांगू शकत नाही. माझा अनुभव उलटा आहे. पहिल्या तऱ्हेत उत्तर फोटोत असतं. दुसऱ्या तऱ्हेत आधी प्रश्न शोधावा लागतो: हे विमान कोणाला, कशासाठी, कोणत्या साली हवं होतं? प्रश्न खरा नसेल, तर पंखाखाली कितीही नळकांडी लटकवा, बघणाऱ्याला ते खेळणंच वाटतं.

आणि असा प्रश्न विचारायला डबाविमानासारखं विमान नाही. लढाऊ विमानात कल्पनेला जागाच नसते. इंजिन, इंधन, तोफ आणि वैमानिक यांनी ते ठासून भरलेलं असतं. मालवाहू विमानात मात्र एक मोकळी खोली असते. खोलीत काय ठेवायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता ही खोली चौकोनी का असते, ते बघू. प्रवासी विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून जातं. बाहेर हवा विरळ, आत दाब भरलेला. तो दाब भिंतींना सगळीकडून बाहेर ढकलतो. गोल नळीत तो सारखा वाटला जातो. चौकोनी डब्यात कोपऱ्यांवर ताण येतो आणि सपाट बाजू फुगू पाहतात. म्हणून दाब भरायचा तर नळी गोल हवी. पण विमान दहा-बारा हजार फुटांच्या खालीच उडणार असेल, तर दाब भरायची गरज नसते. मग जीप, पेटी, पिंप, खाट यांच्या आकाराला सोयीची अशी चौकोनी खोली करता येते. तिच्यामुळे हवेचा अडथळा वाढतो, वेग घटतो. बदल्यात कोपऱ्यापर्यंत माल रचता येतो.

उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्स कंपनीनं हा विचार अगदी टोकाला नेला. १७ जानेवारी १९६३ रोजी उडालेल्या त्यांच्या ‘स्कायव्हॅन’ची आतली खोली साधारण साडेसहा फूट रुंद आणि तेवढीच उंच. लोक त्याला बुटांचं उडतं खोकं म्हणत. पण त्या खोक्याचं पुढे काय काय झालं बघा. पहिलं विमान पिस्टन इंजिनांवर उडालं, मग फ्रेंच टर्बाइन इंजिनं आली, नंतर अमेरिकी. डबा लांबवला, तेव्हा तीस प्रवाशांचं शॉर्ट ३३० झालं. माल, पॅराशूटवाले, प्रवासी, सैनिक, सगळे त्यातून गेले. आपल्याकडे कानपूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स बांधतं ते डॉर्नियर २२८ याच कुळातलं. एकाच चौकोनी अंगावर तटरक्षक दलाचं टेहळणी विमान होतं, आणि तेच १९ आसनांचं प्रवासी विमानही होतं.

पॅकेटची गोष्ट याहून नवलाची. लेहचा विमानतळ साडेदहा हजार फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत पिस्टन इंजिनांचा दम कमी पडतो, पंखांची उचल घटते, धावपट्टी तोकडी वाटू लागते. त्यातून एखादं इंजिन बंद पडलं तर चहूबाजूंना डोंगर. यावर वायुसेनेनं काढलेला तोडगा मी कल्पनेनं काढला असता, तर कोणी विश्वास ठेवला नसता. पॅकेटच्या पाठीवर, दोन्ही पंखांच्या मधोमध, एक जेट इंजिन बसवलं. आधी अमेरिकी वेस्टिंगहाउसचं, पुढे ऑर्फियस, जे आपल्याकडे बंगळुरूत बनत होतं. नॅट या लढाऊ विमानात एक ऑर्फियस असे, मारुतमध्ये दोन. तेच इंजिन मालवाहू डब्याच्या पाठीवर चढलं आणि ‘जेट पॅकेट’ तयार झालं. उड्डाणाच्या वेळी जेटचा धक्का घ्यायचा, उंची गाठली की ते बंद करायचं.

२३ जुलै १९६२ रोजी स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी लडाखच्या उत्तर टोकाला, दौलत बेग ओल्डीला पॅकेट उतरवलं. सोळा हजार फुटांहून जास्त उंचीवरची ती पट्टी, म्हणजे जगातल्या सगळ्यात उंच धावपट्ट्यांपैकी एक. तिथली पट्टी १९६६ साली बंद पडली आणि पुन्हा तिथे विमान उतरायला २००८ साल उजाडलं. डिसेंबर १९७१च्या युद्धात बांगलादेशातल्या टांगाइलवर छत्रीधारी सैनिक उतरवणाऱ्या ताफ्यातही पॅकेटं होती. आणि त्याच युद्धात आपल्या वायुसेनेनं सोव्हिएत बनावटीच्या एएन-१२ या मालवाहू विमानातून बॉम्ब टाकले. मागची उघडी झडप, आत रांगेनं रचलेले बॉम्ब, आणि ते बाहेर ढकलायची सोय. जर-तरचं विमान याहून वेगळं काय असतं?

अमेरिकेत याच सी-११९नं १९ ऑगस्ट १९६० रोजी अवकाशातून परत येणारी कुपी हवेतल्या हवेत झेलली. डिस्कव्हरर-१४ या हेरगिरीच्या उपग्रहानं काढलेल्या फोटोंची फिल्म त्या कुपीत होती. पॅराशूटला लटकून ती हवाईजवळ खाली येत होती, आणि विमानानं मागे सोडलेल्या आकड्यांनी ती अडकवून आत ओढून घेतली. व्हिएतनाममध्ये याच डब्याच्या कडेला तोफा बसल्या. निवृत्त झाल्यावर याच डब्यात टाकी बसवून जंगलातले वणवे विझवले गेले, आणि तिथेही पाठीवर जेट होतंच.

एक गोष्ट सिनेमातली आहे, पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६५ सालच्या ‘द फ्लाइट ऑफ द फिनिक्स’मध्ये एक फेअरचाइल्ड सी-८२ वाळवंटात कोसळतं. वाचलेल्या लोकांत एक विमान-अभियंता निघतो. मोडक्या विमानातून नवं विमान बांधता येईल असं तो सांगतो आणि बांधूनही घेतो. काम संपत आलं असताना कळतं की तो खऱ्या विमानांचा अभियंता नाहीच, प्रतिकृती-विमानांचा आहे. बाकीच्यांच्या पायांखालची वाळू सरकते. त्याचं उत्तर असं, की तत्त्वं तीच आहेत. मला या प्रसंगात नेहमी एक तांत्रिक खुबी दिसते. जोडदांड्यांच्या विमानात प्रत्येक दांडा इंजिनापासून शेपटीपर्यंत सलग असतो, म्हणजे तो एक सडपातळ विमानदेहच. डबा टाकून दिला तरी एक अख्खं विमान शिल्लक उरतं. लेखक एलेस्टन ट्रेव्हर यांनी कादंबरीसाठी जोडदांड्यांचं विमान निवडलं, ते फार विचारपूर्वक. चित्रीकरणासाठी असं विमान खरोखर बांधलं गेलं. ते उडवताना पॉल मँट्झ हे नामवंत वैमानिक मृत्युमुखी पडले. प्रतिकृतीत वजनाचं गणित चुकलं तर विमान शेपटीवर बसतं. खऱ्या विमानात काय होतं हे डोळ्यांआड करून जर-तर करू नये, असं मला वाटतं.

माझ्या जर-तरला प्रश्न हवा होता, आणि तो लेहचा नको होता. राहतो यवतमाळला. म्हणून प्रश्न इथलाच शोधायचा ठरवला.

यात मला मोठी मदत झाली ती शेजारच्या काकाजींची. आयुष्यभर जिनिंगमध्ये फिटर होते. संध्याकाळी चहाला येतात, खुर्ची ओढतात आणि टेबलावरच्या विमानाकडे यंत्राकडे बघावं तसं बघतात. पहिल्या दिवशी मी मोठ्या हौसेनं सांगितलं, की हे पॅकेट मी ‘कापसाचं विमान’ करणार. जिल्हा पांढऱ्या सोन्याचा. १९५०च्या दशकात गाठी थेट मुंबईला उडत गेल्या असत्या तर?

“गाठी किती मावतीन याच्यात?” काकाजींनी विचारलं.

कागद घेऊन बसलो. कापसाची प्रेस केलेली गाठ १७० किलोंची. पाच टन ओझं धरलं तर एकोणतीस गाठी. काकाजींनी नुसती मान हलवली. तेवढ्या गाठी तर एक ट्रक नेतो, आणि कापसाला मुंबईची घाई नसते. त्याची गाडी ठरलेली होती: यवतमाळ–मूर्तिजापूर अरुंद रुळांवरची शकुंतला. इंग्रजी अमदानीत कापसासाठी घातलेली ती लाइन, आणि तिच्यावर मँचेस्टरला १९२१ साली घडलेलं वाफेचं इंजिन १९९४पर्यंत धावत होतं. कापसाला तेवढा वेग पुरेसा होता. कापसाचं विमान तिथंच संपलं.

मग फवारणीचं विमान. डब्यात टाक्या, पंखांखाली नळ्या, नळ्यांना तोट्या. नळ्यांसाठी तारही कापून ठेवली होती. पण २०१७ सालचा पावसाळा यवतमाळमध्ये कोण विसरेल? कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातले वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवरच्या पंपातून, माणसाच्या उंचीवरून फवारलेलं औषध इतकं घातक ठरलं. औषधाचा थेंब जितका बारीक, तितका तो वाऱ्यावर लांब जातो. विमानातून पडलेला थेंब धुऱ्यावर थांबत नाही. शेजारच्या वावरात, विहिरीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन बसतो. शिवाय फवारणीसाठी आपल्याकडे खास विमान झालंच होतं. हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं एका इंजिनाचं ‘बसंत’ १९७२ साली उडालं आणि थोडीच विमानं बनून थांबलं. तीस टनांचं पॅकेट त्या कामाला लावण्यात काही अर्थ नव्हता. तारेचे तुकडे परत डबीत गेले.

उडवून न्यावी अशी वस्तू कोणती? जी हलकी आहे, जिला घाई आहे, किंवा जिच्या वाटेवर रस्ता नाही. शेजारच्या नागपुरानं याचं फार सुंदर उत्तर १९४९ सालीच देऊन ठेवलं होतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री टपाल घेऊन डाकोटा विमानं निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, आपापसांत थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटे आपापल्या शहरी परत. पत्र हलकं, आणि त्याला घाई. रात्रीच्या टपालाचं पॅकेट बनवायला सोपं होतं. पण ते नागपूरचं झालं असतं. मला आमच्या जिल्ह्याचं हवं होतं.

मग नजर दक्षिणेला गेली, पैनगंगेकडे. जुलै २०२३मध्ये महागाव तालुक्यात पाणी असं चढलं की आनंदनगरच्या लोकांना वाचवायला वायुसेनेची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. पॅकेट पुरात काय करू शकलं असतं? उतरू शकत नाही, पण वरून धान्य, औषधं टाकू शकतं. इथे पॅकेटची एक खोड आड येते. त्याची कपाटासारखी मागची दारं उडताना उघडता येत नसत. माल टाकायचा तर दारं तळावरच काढून ठेवायची आणि डबा उघडा घेऊन उडायचं. प्रतिकृतीला हे फार शोभतं. दारं नसली की आतली खोली दिसते. मी हे रूप जवळजवळ पक्कं केलं होतं.

“अन् पूर ओसरल्यावर?” काकाजी म्हणाले. “मंग तं खरा दवाखाना लागते. उतरन कुठं हे?”

काळ्या मातीत तर नाहीच. कपाशीची काळी माती पाणी पिऊन फुगते, सुकली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल्या काळ्या मातीत बंडीचं चाक आसापर्यंत जातं, तिथे तीस टनांचं काय सांगायचं? उतरायचं तर मुरमाच्या माळावर, आणि तेही पाऊस उघडल्यावर. यवतमाळ शहराजवळची धावपट्टी जवाहरलाल दर्डांच्या नावानं आज आहे, पण माझी गोष्ट १९८०च्या दशकातली. तेव्हा उमरखेडच्या बाजूला दाबून घेतलेला मुरमाचा माळ मिळाला, एवढं मी गृहीत धरलं. जर-तरमध्ये एखादी गोष्ट गृहीत धरायची मुभा मी स्वतःला देतो. दुसरी मात्र घ्यायची नाही.

विमान उतरलं तरी अडचण संपत नाही. दवाखाना विमानातच असेल, तर रुग्ण तपासून, शस्त्रक्रिया करून, जखमा भरेपर्यंत विमान तिथंच अडकणार. विमानाची किंमत ते उडतं तेव्हाच वसूल होते. डॉक्टरांना आठवडा हवा, वैमानिकाला तासाभरात निघायचंय. या दोघांना वेगळं करता आलं तर?

याचं उत्तर फेअरचाइल्डनं १९५० सालीच करून पाहिलं होतं. ११ ऑगस्ट १९५० रोजी त्यांचं एक्ससी-१२० ‘पॅकप्लेन’ उडालं. सी-११९चा देह कॉकपिटच्या खालून आडवा कापला. वर उरलं ते स्वतःपुरतं पूर्ण विमान, आणि खालचा डबा चाकांवर उभा, सुटा. विमान यावं, डबा ठेवावा, दुसरा उचलावा आणि जावं; रिकामंही उडावं. बंदरातल्या कंटेनरची कल्पना जगभर रुळण्याआधी कोणी तरी ती आकाशात करून बघितली होती. विमान एकच झालं, पुढे कोणी मागितलं नाही, भंगारात गेलं. मला ते फार हुशार विमान वाटतं. त्याला योग्य गिऱ्हाईक मिळालं नाही, एवढंच.

गिऱ्हाईक मी दिलं. निवृत्तीला आलेलं जेट पॅकेट, त्याचं पॅकप्लेन केलेलं, आणि खालच्या डब्यात शस्त्रक्रियेची खोली. ही कल्पना वाटते तेवढी हवेतली नाही. १९९१ साली लाइफलाइन एक्स्प्रेस ही रुळांवरची रुग्णालयाची गाडी आपल्याकडे सुरू झाली. ती स्टेशनात येऊन थांबते, आसपासच्या गावांतले रुग्ण तिथे येतात, डब्यातच शस्त्रक्रिया होतात. माझं विमान तिच्या चार-पाच वर्षं आधीचं, आणि रूळ नाहीत तिथलं.

कल्पना पक्की झाल्यावर प्लास्टिकनं आपले नियम सांगायला सुरुवात केली. खऱ्या पॅकेटचा डबा जमिनीलगत असे. पॅकप्लेनमध्ये पंखांचा मधला भाग इंजिनांपासून देहाकडे वरच्या दिशेनं वळवलेला होता, म्हणजे कॉकपिट उंच जातं आणि खाली डब्याला जागा होते. हे करायला पंखांचा मधला भाग दोन्हीकडे कापून नव्या कोनात जोडावा लागला. आत पितळी सळई घातली, कारण नुसत्या गोंदावर पंख कालांतरानं वाकतो. वरच्या भागाचं उघडं पोट एक मिलिमीटरच्या पत्र्यानं बंद केलं. प्लास्टिकच्या चादरीला आम्ही पत्राच म्हणतो. सांध्यात पुट्टी, ती सुकल्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८००, मग पाण्यात भिजवून १२००. बोटाला सांधा लागेनासा झाला की समजायचं डोळ्यालाही लागणार नाही.

वजनाचं कोडं निराळं. साध्या पॅकेटच्या प्रतिकृतीत शेपटी जड होते, म्हणून नाकात शिसं भरतात. इथे नाकाचा खालचा भागच गेला. मग शिसं भरलं ते दोन्ही इंजिनांच्या आवरणांत, पुढच्या बाजूला. गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या ठोकून चपट्या केल्या. खऱ्या विमानातही हाच पेच असणार: डबा असो वा नसो, भाराचा मध्य पंखांखाली एकाच जागी राहायला हवा. म्हणून डब्यात जड सामान कुठे ठेवायचं हे डॉक्टरांनी नाही, वैमानिकानं ठरवायचं. निर्जंतुक करायचं यंत्र, पाण्याची टाकी आणि जनरेटर मी बरोबर पंखांच्या रेषेखाली ठेवले. ते बाहेरून दिसत नाहीत, पण ते तिथे आहेत.

सगळ्यात जास्त दमवलं ते पाठीवरच्या जेटनं. ऑर्फियसचा व्यास ८२ सेंटिमीटरांच्या आसपास, म्हणजे माझ्या मापात साडेअकरा मिलिमीटर. वरचं आवरण धरून तेरा-चौदा. पाच मिलिलिटरची सिरिंज अगदी त्याच मापाची निघाली. कापली, पुढे हवा घेणारं तोंड बसवलं, चिकटवली. सकाळी हात लावला तर निघून हातात आली. पुन्हा लावली, पुन्हा निघाली. रंगही बसेना, नखानं साल निघावी तसा निघे. कारण साधं होतं. किटचं प्लास्टिक पॉलिस्टायरीन. त्याचा गोंद दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो आणि ते एकमेकांत वितळून एकजीव होतात. सिरिंज पॉलिप्रॉपिलीनची, तिला हा गोंद विरघळवूच शकत नाही. तेव्हापासून मी टाकाऊ डब्या, झाकणं उलटी करून बघतो. तळाला त्रिकोणात आकडा असतो. ६ असेल तर पॉलिस्टायरीन, ठेवायचं. ५ असेल तर पॉलिप्रॉपिलीन, सोडून द्यायचं. शेवटी सिरिंजभोवती पॉलिस्टायरीनचा पातळ पत्रा गुंडाळला, उकळत्या पाण्यात धरून वळवला, थंड झाल्यावर सिरिंज आतून ओढून काढली. उरलेली नळी हेच माझं ऑर्फियस.

रंग पांढरा, त्याची दोन कारणं. मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या पत्र्याच्या दवाखान्याला दुसरा रंग देणं क्रूरपणाचं झालं असतं. दुसरं, घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, त्यामुळे गडद अंगावर पांढरी अक्षरं मला छापताच आली नसती. लाल क्रॉस मुद्दाम टाळला. दवाखाना म्हटला की सगळे तोच काढतात, पण ते चिन्ह कायद्यानं राखलेलं आहे. जिनिव्हा करारांवरून आपल्याकडे १९६० साली झालेल्या कायद्यान्वये ते परवानगीशिवाय वापरता येत नाही. त्याऐवजी डब्याच्या दोन्ही बाजूंना देवनागरीत ‘फिरते रुग्णालय’ लिहिलं. खऱ्या डब्यावर साठ सेंटिमीटरांचं अक्षर म्हणजे माझ्याकडे आठ मिलिमीटरांचं. ‘रुग्णालय’मधल्या ‘ग्ण’च्या जोडाक्षरातली पोकळी शाईनं भरून यायची. तीनदा छापलं. चौथ्यांदा शिरोरेषा थोडी बारीक केली, तेव्हा ते चष्म्याशिवाय वाचता आलं.

रंगानंतर मळवणं. पॅकेटची राइट आर-३३५० इंजिनं तेल सोडायची. त्याचे काळपट ओघळ इंजिनांच्या मागे दांड्यांवर ओढले. चाकांना मुरमाचा तांबूस रंग, खडूची पूड करून कोरड्या ब्रशनं लावलेला. काळ्या मातीचा एक ठिपकाही नाही. त्या मातीत ते उतरलंच नव्हतं.

डबा माळावर उभा आहे आणि विमान निघून गेलंय, असं मांडायचं ठरलं. विमान तारेवर, भिंतीशी, निघाल्यासारखं. खाली लाकडी पाटावर मुरूम, त्यावर डबा, मागची दारं उघडी. काकाजी आले, खाली वाकले, दारात बघत राहिले.

“पेशंट चढन कसा?”

डब्याची जमीन मी चार फुटांवर धरली होती, माझ्या मापात सतरा मिलिमीटर. मी रॅम्पचा विचार केला होता. पण स्ट्रेचर घेऊन दोन माणसांना सहज चढता येईल असा रॅम्प पंधरा फुटांच्या वर जातो. तो डब्यात दुमडून कुठे ठेवायचा? वजन कुणाच्या वाट्याचं घ्यायचं?

काकाजींनी टेबलावरची काड्यापेटी उचलली, डब्याच्या दाराला मागून भिडवली. “पेशंट बंडीतच येईन ना भाऊ. बंडी मांगून लावाची. अशी. खालून चार इटा घातल्या का झालं बराबर. वरून एक फळी टाकाची.”

त्यांनी काड्यापेटी तशीच राहू दिली. बंडीचं चाक चार फुटांचं धरलं तर माझ्या मापात सतरा मिलिमीटर, बारा आरे. दातकोरण्या मऊ लाकडाच्या असतात, कापताना चिरतात. बांबूची काडी तासून बघतो आहे. सहा आरे बसलेत.